आई साताऱ्यात, बोलावणं सातपुड्यात: मंडळी ‘कुटुंब’ म्हणवते तेव्हा

हे प्रकरण साताऱ्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांमधलं आहे. नावं, वयं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई, मुलगी, मुलगा आणि शेजारीण या चौघांनीही लिहायला होकार दिला. मुलाने एका अटीवर दिला, ती पुढे येईलच. मी त्या मंडळीचा सभासद नाही. सांगलीतल्या मंडळीत वडील म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ सभासद म्हणून काम करतो. साताऱ्याच्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) बोलावलं म्हणून काही बैठकांना बसलो, बाकीचं नंतर एकेकाशी बोलून समजून घेतलं. पाळक, वडीलजन, महिला मंडळ आणि तरुण संघ चालवणाऱ्यांपुढे असा पेच कधी ना कधी येतोच, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

स्नेहल २९ वर्षांची. नर्सिंगचा जीएनएम कोर्स मिरजेत केला. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांतून मुली नर्सिंगला जाणं ही ओळखीची वाट आहे. स्नेहलची मावशीही नर्स होती. शिक्षणानंतर ती सांगलीत एका खासगी दवाखान्यात लागली. चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि ती नोकरी सोडून साताऱ्याला आईजवळ आली.

आई शांताबाई, ६३ वर्षांच्या. पूर्वी बालवाडी चालवायच्या. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांची तुटपुंजी पेन्शन आणि सदर बझारच्या बाजूला दोन खोल्यांचं स्वतःचं घर, एवढीच मिळकत. शांताबाईंना पंधरा वर्षांपासून साखर आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्शुलिन. तळपायांची संवेदना बरीचशी गेलेली. एकदा मध्यरात्री साखर एकदम उतरली, अंगाला दरदरून घाम, बोलणं बरळल्यासारखं. स्नेहल जागी झाली म्हणून निभावलं. त्या रात्रीपासून ‘आईला रात्री एकटं ठेवायचं नाही’ हा घरातला नियम झाला.

भाऊ संदीप चाकणला कंपनीत आहे. मोशीत भाड्याचं वन बीएचके, बायको, दोन मुलं, आलटून-पालटून शिफ्ट. चर्चला नाताळला येतो, तेही आईसाठी.

भिंतीला भिंत लागून अक्का राहतात. घरगुती डबे देतात, गुरुवारी उपास करतात. शांताबाईंचा आणि त्यांचा शेजार तीस वर्षांचा. स्नेहल ड्यूटीवर असली की दुपारी एकदा डोकावायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पेच कसा उभा राहिला

मिरजेतल्या शिक्षणाच्या काळापासून स्नेहल तिथल्या एका प्रार्थना गटात होती. साताऱ्याला आल्यावरही महिन्यातून एकदा जायची. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या मिशन दवाखान्याला नर्स हवी आहे हे तिला या गटातच कळलं. तो भाग आदिवासी. सिकलसेल, सर्पदंश, कुपोषण, अडलेली बाळंतपणं. नर्सिंग शिकत असल्यापासून तिच्या मनात असं काम होतं. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्यात, एका प्रवचनाने ती हलली, आणि त्याच आठवड्यात दवाखान्याचा फोन आला. तिने हो म्हटलं, आणि हे देवाचं बोलावणं आहे अशी गटापुढे उभं राहून साक्ष दिली.

शांताबाईंना हे कळलं ते रविवारी, उपासना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर. मिरजेचा व्हॉट्सअॅप ग्रुप साताऱ्यातल्या एका बाईंच्याही फोनवर होता. त्या म्हणाल्या, “अभिनंदन हो, लेक मिशनला निघाली!” शांताबाई हसल्या, हात हातात घेतला आणि घरी येऊन न जेवता झोपल्या. इन्शुलिन घेतलेलं होतं. अक्कांनी संध्याकाळी साखरेचं पाणी पाजलं.

पुढचं सगळं या एका गोष्टीने कठीण केलं. बोलावणं खरं की नाही हा प्रश्न मागेच पडला आणि ‘मला शेवटी सांगितलं’ हे पुढे आलं. रात्री संदीपने पाळकसाहेबांना फोन करून विचारलं, “तुमच्या देवाला अख्ख्या महाराष्ट्रात माझीच बहीण सापडली का?”

मग वचनं आली. मिरजेच्या गटाच्या पुढाऱ्यांनी मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला. आई आणि भाऊ बाहेर उभे राहून येशूला निरोप पाठवतात आणि तो भोवती बसलेल्यांकडे बघून म्हणतो की देवाच्या इच्छेप्रमाणे जो वागतो तोच माझा भाऊ, बहीण आणि आई. पुढारी तिला म्हणाले, “आता आम्ही तुझं कुटुंब. मागे वळून पाहू नकोस.” साताऱ्यात पाळकसाहेबांनी आईबापाचा मान राखायला सांगणारी पाचवी आज्ञा काढली, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं ते कडक वाक्य, की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. स्नेहल मला म्हणाली, “दोन्हीकडून पवित्र शास्त्रच. आणि दोन्हीकडून मीच गुन्हेगार.”

दोघांचीही वचनं खरी होती. फक्त प्रत्येकाने दुसऱ्याला काय करायला हवं ते सांगणारं वचन निवडलं होतं. गटाला स्नेहलने जायला हवं होतं, पाळकांना तिने राहायला हवं होतं. आपण स्वतः काय करणार, हे त्या टप्प्यावर कुणीच बोललेलं नव्हतं.

पहिला निर्णयाचा क्षण: वचन पूर्ण वाचायचं

पाळकसाहेबांना श्रेय द्यायला हवं. आठवड्याभरात त्यांनी आपलं मत बाजूला ठेवून घरी बैठक बोलावली. स्नेहल, संदीप, मिरजेचे पुढारी, दोन वडीलजन, मी, आणि संडेस्कूलच्या निवृत्त बाई, ज्यांच्या हाताखाली साताऱ्यातली निम्मी मंडळी शिकली. शांताबाई नव्हत्या. त्यांना बोलावलंच नव्हतं. ‘उगाच त्रास नको’ असं सगळ्यांना वाटलं.

बाईंनी चष्मा लावला आणि मार्क ३ विसाव्या ओवीपासून वाचायला सांगितला, एकतिसाव्यापासून नाही. तिथे असं आहे, की गर्दीमुळे येशूला जेवायलाही सवड नव्हती आणि त्याचे आप्त त्याला धरून न्यायला निघाले होते, कारण लोक म्हणत होते की त्याला वेड लागलंय. आई आणि भाऊ बाहेर उभे राहतात ते या पार्श्वभूमीवर. म्हणजे ही म्हातारी आई मुलाकडे औषधपाणी मागत नव्हती. घरचे त्याला कामावरून उठवून न्यायला आले होते. बाईंनी संदीपकडे पाहिलं. संदीपने मान खाली घातली, कारण ‘तिला कुणीतरी वेड लावलंय’ हेच तो आठवडाभर म्हणत होता.

मग त्यांनी सातवा अध्याय उघडला. देवाला अर्पण केलं, ‘कुर्बान’ केलं, असं म्हणून आईबापाला द्यायचं चुकवणाऱ्यांना येशू तिथे झापतो. धर्माच्या नावाने घरची जबाबदारी टाळणं त्याला चालत नाही. या वेळी बाईंनी मिरजेच्या पुढाऱ्यांकडे पाहिलं. एकाच शुभवर्तमानात, चार अध्यायांच्या अंतरावर, दोन्ही आहे. शेवटी योहान १९: वधस्तंभावरून येशू आईला एका शिष्याच्या हवाली करतो, आणि तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. बाई म्हणाल्या, “इथे नवं कुटुंब झालं खरं. पण बघा, कुणीतरी आईला घरी नेलं तेव्हा झालं.”

बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मिरजेच्या पुढाऱ्यांनी विचारलं, तिचं बोलावणं खोटं म्हणायचं का? रास्त प्रश्न होता. माझं मत मी तिथे मांडलं तेच इथे लिहितो. संदेश, स्वप्न, नेमक्या वेळी आलेला फोन यांच्याशी वाद घालता येत नाही आणि घालूही नये. पण त्यांनी चर्चा बंदही पाडू नये. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात बर्णबा आणि शौल यांना पाठवण्याची गोष्ट अंत्युखियाच्या मंडळीत, उपास आणि प्रार्थना चालू असताना समोर येते, आणि मंडळी त्यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवते. पाठवणारेही त्यात बांधले जातात. गेथशेमाने बागेत तर खुद्द येशूने पित्याची इच्छा काय हे माहीत असूनही एकदा नव्हे, तीनदा प्रार्थना केली. मग स्नेहलला चार महिने घ्यायला काय हरकत आहे?

बाईंनी जाता जाता आणखी एक आठवण काढली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले, आणि त्या काळात लक्ष्मीबाईंनी जे सोसलं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, म्हणून आपण ती गोष्ट गोड शेवटाची म्हणून सांगतो. “पण मधली वर्षं कुणी भरून दिली?” बाईंनी विचारलं. स्नेहल तेव्हा रडली. मला वाटतं, आईला आधी सांगायला हवं होतं हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने दिसलं.

समोर असलेले पर्याय

लगेच रुजू व्हायचं आणि आईचं देव बघेल, हा गटाचा मूळ प्रस्ताव. तो बैठकीनंतर त्यांनी स्वतःच मागे घेतला. न जाणं हा दुसरा. पाळकांना तो सोपा वाटत होता, पण स्नेहल घरात राहील आणि आतून विझेल, याची काळजी आश्चर्य म्हणजे संदीपलाच जास्त होती.

आईला सोबत न्यायचं का? दवाखान्याने एक खोलीचं क्वार्टर देऊ केलं होतं. संदीपकडे मोशीत? तिथे दिवसभर घर बंद, दोघंही कामावर, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही. पगारी बाई ठेवायची तर साताऱ्यात चोवीस तासांचा जो दर आहे तो मिशनच्या पगाराच्या जवळपास पोचत होता. वृद्धाश्रमाचं नाव एका वडीलजनांनी काढलं आणि संदीपचा चेहरा बघून परत घेतलं.

शेवटचा पर्याय स्नेहलने मांडला: आधी एक वर्षच जायचं, दर तीन महिन्यांनी घरी यायचं, आणि मधल्या काळात मंडळीने आईची जबाबदारी घ्यायची. घेणार का, असं तिने थेट विचारलं.

दुसरा क्षण: आईला विचारणं

इथपर्यंत येऊनही शांताबाईंना कुणी विचारलं नव्हतं. पाळकसाहेब आणि बाई त्यांच्या घरी गेले. शांताबाईंनी चहा टाकला आणि म्हणाल्या, “मी तिला अडवणारच नव्हते. मला विचारून गेली असती तर मीच डबा बांधून दिला असता.”

सोबत जायला त्यांनी साफ नकार दिला. नवऱ्याची कबर इथे, देऊळ (चर्च) इथे, अक्का इथे. तिकडची बोलीही येत नाही. मोशीला महिनाभर जाईन, कायमची नाही. आणि मंडळी सांभाळेल म्हणते, यावर त्या बाईंना जे म्हणाल्या ते मी अनेक ठिकाणी सांगत आलो आहे: “मुलांचे वडील आजारी होते तेव्हा मंडळीने फोनवर पुष्कळ प्रार्थना केली. डबा अक्काचा यायचा.”

त्यांच्या अटी दोनच. रात्री घरात कुणीतरी झोपायला हवं. आणि सुई टोचायला अक्काच, कारण तिचा हात हलका आहे.

माझ्या मते ही भेट पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. आईला त्रास होईल म्हणून सगळ्यांनी तिला लांब ठेवलं, आणि तिला सर्वांत जास्त त्रास त्यानेच झाला. अशा प्रकरणात ज्याची काळजी घ्यायची आहे त्या माणसाला काळजीचा विषय समजून बाजूला बसवण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

काय ठरलं

पंचमंडळाने, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीने, ठराव लिहून घेतला. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण पाळकांची बदली होते आणि तोंडी शब्द त्यांच्याबरोबर जातो.

रात्रीचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. कराडकडच्या एका खेड्यातली ख्रिस्ती मुलगी साताऱ्यात कॉलेजला होती, होस्टेलचा खर्च जड जात होता. ती शांताबाईंकडे राहायला आली. भाडं नाही, जेवण एकत्र, रात्रीची सोबत. महिला मंडळाने दिवसाच्या भेटींची पाळी लावली. स्नेहल दर महिन्याला पैसे पाठवणार, संदीप औषधांचा खर्च बघणार. मिरजेच्या गटाने दर तीन महिन्यांच्या तिकिटाचे पैसे द्यायचं कबूल केलं.

पाळीच्या कागदावर अक्कांचं नाव नव्हतं. ‘त्या मंडळीच्या नाहीत, त्यांच्यावर कसं टाकणार’ असं एक म्हणणं, आणि हळू आवाजातलं दुसरं, की हे मंडळीचं काम म्हणून दिसायला हवं. पाळकसाहेबांनी दोन्ही खोडून काढलं. ते म्हणाले, रोजची सुई टोचणारीचं नाव नसलेला कागद खोटा आहे. त्यांनी आठवण दिली ती पुन्हा टिळकांचीच, पण या वेळी साताऱ्यातल्या टिळकांची. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला तो याच साताऱ्यात, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले. आता, अक्का काही ख्रिस्ताच्या अनुयायी नाहीत आणि त्यांना तसं म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. उदाहरण तंतोतंत बसत नाही हे पाळकांनाही कळत होतं. त्यांचा मुद्दा एवढाच, की देवाची इच्छा कोण करतंय हे सभासदांच्या रजिस्टरवरून ठरवायची घाई करू नये.

अक्कांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काय तुमच्या चर्चंची न्हाय. पर सुई मला टोचता येती. लिवा नाव.”

जूनमध्ये, मंडळीपुढे उभं करून, हात ठेवून स्नेहलला पाठवलं. संदीप त्या उपासनेला आला होता, मागच्या बाकावर बसला.

भाद्रपदातली रात्र

पहिला महिना पाळीच्या कागदावरच्या सगळ्या बायका आल्या. तिसऱ्या महिन्यापर्यंत नेमाने येणाऱ्या चौघी उरल्या. यात नवल काही नाही. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही विधवांच्या रोजच्या वाटपात काही जणी सुटत होत्या, आणि त्यासाठी सात माणसं नेमावी लागली. तिथे तक्रार झाली म्हणून कळलं. इथे शांताबाई तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

पावसाळ्यात पाय गार पडतात म्हणून त्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतली. संवेदना नाही, भाजलं ते कळलं नाही. फोड आला, फुटला, चिघळला. त्यांनी मोजा चढवला. पाळीच्या बायका येत, पुढच्या खोलीत बसत, प्रार्थना करत, चहा घेऊन जात. कॉलेजच्या मुलीला त्या म्हणाल्या, जरा लागलंय. स्नेहलला व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवायच्या. मी नंतर विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, “कळलं असतं तर ती सोडून आली असती. मग देवाचं बोलावणं माझ्या पायामुळे मोडलं असतं.”

गणपतीच्या सुट्टीत कॉलेजची मुलगी गावी गेली. सुट्ट्यांचं काय, हे ठरावात कुणी लिहिलंच नव्हतं. दोन रात्री शांताबाई एकट्या होत्या. तिसऱ्या संध्याकाळी सुई द्यायला आलेल्या अक्कांना फरशीवर डाग दिसला. मोजा काढला आणि त्यांनी मुलाला हाक मारली. अंगात ताप, साखर चढलेली.

रस्त्यावर मिरवणुका होत्या. अक्कांच्या मुलाने गल्लीबोळातून रिक्षा काढली. तरुण संघातला एकजण आणि एक वडीलजन दवाखान्यात पोचले. फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. वडीलजनांनी ‘मंडळीतील बंधू’ लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने पेन उचलून विचारलं, “सख्खे का?” नाही म्हटल्यावर त्याने ते खोडलं. शांताबाई शुद्धीवर होत्या, सही त्यांनी स्वतःच केली. साक्षीदार म्हणून अक्कांच्या मुलाची. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत काही बसतंय का हे बघायलाही रेशनकार्ड मागितलं. ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली स्नेहलच्या पर्समध्ये, नंदुरबारला. अनामत मंडळीच्या दया निधीतून भरली.

स्नेहलला कळवायचं की नाही? शांताबाई म्हणाल्या नको. वडीलजन घुटमळले. संदीप रात्री दीडला पोचला आणि त्याने एका मिनिटात फोन लावला. माझ्या दृष्टीने तो बरोबर होता. आईची इच्छा मोडली हे खरं, पण मुलीपासून आईचं दुखणं लपवून टिकणारी सेवा कुणालाच नको होती, स्नेहलला तर नकोच होती.

तिकडे त्या रात्री वॉर्डात नर्स दोघीच. डॉक्टरांनी तिला जा म्हटलं. बसने ती दुसऱ्या संध्याकाळी साताऱ्यात उतरली. पायाचं एक बोट काढावं लागलं होतं, पाय वाचला. ती आईच्या उशाशी बसून म्हणाली, मी आता जात नाही. शांताबाईंनी विचारलं, “हे तू ठरवलंस, की घाबरून बोलतेस?” स्नेहलने उत्तर दिलं नाही. बाईंनी सल्ला दिला की दवाखान्यातून सुटका होईपर्यंत यावर कुणीच काही ठरवायचं नाही. हा सल्ला मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. धास्तावलेल्या मनाने घेतलेला ‘थांबते’ आणि भारावलेल्या मनाने घेतलेला ‘जाते’, दोन्ही सारखेच कच्चे असतात.

परिणाम

स्नेहल महिनाभर राहिली आणि परत गेली. ठरलेलं वर्ष पूर्ण केलं, मग दुसरं घेतलं. ठराव पुन्हा लिहिला गेला. मंडळीतल्या एक निवृत्त नर्स दर शनिवारी येऊन दोन्ही पाय उघडे करून बघतात आणि वहीत नोंद करतात. पाळी सोळा जणींची होती, आता सहाच जणींची आहे, पण त्या येतात. किल्लीच्या तीन प्रती झाल्या. रेशनकार्ड, आधार, औषधांच्या चिठ्ठ्या यांची फाइल अक्कांकडे असते. दिवाळी आणि मे महिना शांताबाई मोशीला. गणपतीच्या सुट्टीत कोण, हे नावासकट लिहिलेलं आहे.

मिरजेच्या गटाने तिकिटाचे पैसे सहा महिने दिले, मग थांबले. त्यातलं एक जोडपं मात्र आपणहून साताऱ्याला येऊन शांताबाईंकडे दोन-दोन दिवस राहून जातं.

संदीप अजून चर्चला येत नाही. लिहायला होकार देताना त्याची अट होती की त्याचं हे म्हणणं गाळायचं नाही: “बहीण देवासाठी गेली असं सगळे सांगतात. मी महिन्यातून दोनदा शिफ्ट बदलून येतो, आईची नखं कापतो. त्याला कुणी साक्ष म्हणत नाही.” पाळकसाहेबांनी एका रविवारी, नाव न घेता, ते उपासनेत सांगितलं. संदीपला ते नंतर कळलं आणि आवडलं नाही. मला त्याचं पटतं. त्याला कौतुक नको होतं, हिशोब सारखा हवा होता.

वेगळं काय करता आलं असतं

साक्ष आधी आणि घर नंतर, हा क्रम उलटा हवा होता. आजच्या काळात गटात बोललेलं तासाभरात गावभर होतं, त्यामुळे गट चालवणाऱ्यांनी साक्षीला उभं करण्याआधी ‘घरी सांगितलंस का’ एवढं विचारलं तरी पुष्कळ टळेल. घरी सांगणं म्हणजे घरच्यांची परवानगी घेणं असं मी म्हणत नाही. मार्क ३ मध्ये घरच्यांनी परवानगी दिलेलीच नव्हती. पण तीच आई आणि तेच भाऊ कृत्यांच्या पहिल्या अध्यायात शिष्यांबरोबर प्रार्थनेत बसलेले दिसतात. दार बंद झालं नव्हतं.

मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू घरदार सोडणाऱ्याला शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया मिळतील असं सांगतो, छळासकट. हे वचन आपण जाणाऱ्याला ऐकवतो. ती शंभर घरं कुणाची? ती ऐकवणाऱ्यांचीच असणार, दुसरी आणायची कुठून. म्हणून मी आता कुठल्याही बैठकीत हे वचन निघालं की वहीत दोन रकाने पाडायला सांगतो: रात्री कोण झोपणार, आणि दवाखान्यात कोण जाणार. रकाने रिकामे राहिले तर पाठवणीची तारीख पुढे ढकलावी.

भेटीला जाणाऱ्यांना प्रार्थनेबरोबर थोडं शिकवायलाही हवं होतं. साखरेच्या रुग्णाचे पाय रोज बघावे लागतात, गरम पिशवी चालत नाही, हे अर्ध्या तासात समजणारं आहे. स्नेहल स्वतः नर्स, तिने अक्कांना शिकवलं. महिला मंडळाला शिकवावं असं तिला कुणी सुचवलं नाही.

एका गोष्टीवर माझं आणि पाळकसाहेबांचं एकमत झालेलं नाही. त्यांना वाटतं, शांताबाईंनी जखम लपवली हा त्यांचा त्याग होता. मला वाटतं, ‘देवाचं काम’ आणि ‘आईचं दुखणं’ एकमेकांविरुद्ध उभे आहेत हे आपणच त्यांना महिनोन्‌महिने ऐकवलं होतं, ते त्यांनी खरं मानलं.

सध्या

दवाखान्याने स्नेहलला आता तीन वर्षांचं विचारलं आहे. ईस्टरपर्यंत कळवायचं आहे. शांताबाईंच्या डोळ्यांवर परिणाम दिसू लागलाय. कॉलेजच्या मुलीचं हे शेवटचं वर्ष, तिच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही. पाळकसाहेबांची बदली मे महिन्यात होण्याची शक्यता आहे. पंचमंडळाने बैठक लावली आहे, संदीप येणार आहे. अक्कांना बोलवायचं का, यावर पंचमंडळात अजून दोन मतं आहेत. शांताबाईंनी निरोप पाठवलाय, की अक्का नसेल तर बैठक माझ्या घरी घेऊ नका.